नागेश्वराची वाट नकाशावर आहे, पायाखाली राहील का?

खेड तालुक्यातले चोरवणे हे सह्याद्रीच्या अगदी मुळाशी वसलेले गाव. घराच्या पडवीत उभे राहून माथा पाहायचा म्हटले तर टोपी पडते. त्या माथ्यावर नागेश्वराची गुहा आहे. गुहेपासून रानातून अडीच-तीन तास चालले की वासोटा किल्ला लागतो. एकेकाळी कोकणावर नजर ठेवणारे ते ठाणे. आज तिथे राखणदार नाही, वस्ती नाही, दिवा लावायला माणूस नाही. महाशिवरात्रीला कोकणातली माणसे या वाटेने नागेश्वराला चढतात. ते दोन-तीन दिवस वाट वाहती असते. बाकी वर्षभर तिच्यावर गवत वाढते, कारवी आडवी होते आणि पाऊस तिला दरवर्षी थोडी थोडी खाली घेऊन जातो.

शेतीच्या पानावर या डोंगरवाटेचे काय काम, असे कोणी म्हणेल. काम आहे. या वाटेखाली शेतकऱ्यांच्या सातबाऱ्याच्या जमिनी आहेत, काजूच्या बागा आहेत, गुरांची चराई आहे. वाट मोडली की ओघळ फुटतो आणि ओघळाची माती शेवटी कुणाच्या तरी भातखाचरात येऊन बसते. वाट मोकळी असेल तर वणवा तिथे अडवता येतो. हे सर्व गेल्या फेब्रुवारीत मी ती वाट पायाखाली घातली तेव्हा जवळून पाहायला मिळाले.

आमच्याबरोबर मुंबई मंडळाची चार मुले होती. दोघे लालबागचे, एक परळचा आणि एक दादरला नोकरी करणारा. चौघांचेही आजे या खोऱ्यातून गिरणीत गेलेले. रात्रीच्या गाडीने खेडला उतरून पहाटे ती गावात पोचली. पायात भारी बूट, पाठीवर भली मोठी पिशवी. आमचे वाटाडे काका पासष्टीला टेकलेले, पायात साध्या रबरी चपला, हातात कोयती. काका 1979 साली परळच्या एका गिरणीत साचा खात्यात बदली म्हणून लागले. तीन वर्षांत, 18 जानेवारी 1982 रोजी, संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले. वर्षभर गाववाल्यांच्या खोलीत काढले आणि नंतर गावी परत आले. "तितं मशीनवर उभा रायचो, हितं डोंगरावर उभा रायलो," एवढेच ते त्याबद्दल बोलले.

पहाटे पाचला निघालो. पहिला तासभर वाट मालकीच्या जमिनीतून जाते. आपल्या जिल्ह्यात बहुतेक जंगल खाजगी मालकीचे आहे, हे परजिल्ह्यातून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांना समजायलाच सहा महिने लागतात. खाली काजू, त्यावर ऐन-किंजळाचे रान, मध्ये मध्ये नाचणी-वरीची जुनी दळी. त्या दळ्यांत आता कोणी नांगर घालत नाही; दगडी बांध मात्र अजून जागेवर आहेत. गिरणगावाने या खोऱ्यातले दोन पिढ्यांचे हात नेले. गिरणी बंद पडल्यावर ते हात परत आले, पण दळी कसायला नाही आले. त्या जागी 1990 नंतर रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर लावलेला काजू उभा राहिला. योजनांना नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. ही एक योजना मात्र कोकणाच्या डोंगरावर आजही डोळ्यांनी दिसते.

दुसऱ्या टप्प्यापासून खरा चढ सुरू होतो. वाट सोंडेवर येते आणि मग वळणे न घेता सरळ वर तोंड करते. दोन्ही बाजूला उतार इतका की दगड सुटला तर तो थांबल्याचा आवाज येत नाही. काका पुढे कोयतीने फांद्या मारत होते. लालबागच्या मुलाने वाटेतली कारवी उपटायला हात घातला तसे ते ओरडले, "अरे, मुळासकट काढू नको रे! ती हाय म्हणून माती हाय." आमच्या खात्याने मृद्संधारणावर पुस्तिका काढल्या, त्यांत हेच चार पानांत सांगितलेले असते. कारवी गुडघ्याएवढी ठेवून वरची छाटावी. सात वर्षांनी एकदा फुलते, बी पडते आणि ते झाड मरते, पण तोवर तिची मुळे उतार घट्ट धरून ठेवतात.

पाण्याची अडचण मोठी. जानेवारी संपला की मधल्या टप्प्यात प्यायचे पाणी नाही. माणशी तीन लिटर तरी घ्यावे. मुंबईची मुले सात लिटर घेऊन आली होती आणि त्यातले बरेचसे पहिल्या दोन तासांत संपवून बसली. काकांची एक बाटली नागेश्वरापर्यंत अर्धी होती.

जिथे सोंड संपते तिथे कातळ सुरू होतो. वरच्या अंगाला पायऱ्या आणि हाताला धरायला लोखंडी कठडा आहे. कठड्यावर गंज चढला आहे, त्यामुळे त्यावर सगळा भार टाकू नये. गुहा कातळात आहे. आत पिंडी आणि तिच्यावर वरून कातळातून ठिबकणारे पाणी. भर फेब्रुवारीतही ते ठिबकत होते. साडेपाच तासांच्या चढानंतर त्या गारव्यात बसल्यावर मुंबईच्या चारी मुलांचे बोलणे आपोआप थांबले.

आता ग्रामपंचायतीच्या मंडळींनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट. वाटेचे पाय रत्नागिरी जिल्ह्यात आणि देव सातारा जिल्ह्यात. कड्याच्या काठावरून जिल्ह्याची हद्द जाते. खाली मालकी जमीन आणि आपल्या जिल्ह्याचे वनखाते. वर कोयना अभयारण्य, जे 1985 साली जाहीर झाले आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातली जी 39 ठिकाणे जागतिक वारसा ठरवली त्यांतही कोयना आहे. त्यामुळे अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तशी तरतूद आहे. महाशिवरात्रीला गर्दीबरोबर जाणे निराळे आणि मे महिन्यात चौघांनी आपल्या मनाने वर जाणे निराळे. वर गवे आहेत, अस्वल आहे, बिबट्या आहे. अस्वलाची गाठ सकाळी लवकर किंवा तिन्हीसांजेला करवंदीच्या जाळीत पडते. काका म्हणतात, "बिबट्या वाट देतो, अस्वल देत नाय."

वासोटा

नागेश्वरापासून वासोट्यापर्यंत वाट दाट रानातून जाते. ऊन लागत नाही, चढही फारसा नाही. पण खुणा ओळखणारा माणूस नसेल तर या टप्प्यावरच चुकायला होते, कारण गव्यांनी पाडलेल्या वाटा माणसाच्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या आहेत.

किल्ला सुमारे 1171 मीटर उंचीवर. आत शिरल्यावर बिनछपराचा मारुती, पुढे वाड्याचे चौथरे, महादेवाचे देऊळ, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा. चुन्याच्या घाण्याजवळ आमचा परळचा मुलगा बराच वेळ थांबला. एवढ्या उंचीवर चुना मळून बांधकाम करायचे म्हणजे किती माणसे खपली असतील, असे तो विचारत होता. तो स्वतः बांधकामाच्या कंपनीत आहे.

पश्चिमेच्या टोकाला गेले की बाबूकडा. इंग्रजी यू अक्षरासारखा खोल तुटलेला कडा. समोर उभा आहे तो जुना वासोटा. हवा स्वच्छ असेल तर आपल्या तालुक्यातले रसाळगड, सुमारगड, महिपतगड एका ओळीत दिसतात. खाली खेडचे खोरे पसरलेले. टेहळणीची जागा कशी निवडायची हे जुन्या लोकांना कळत होते. कोकणातून घाटावर मीठ-मासळी चढे, घाटावरून गूळ, मिरची, घोंगडी उतरत. ती सगळी ये-जा या नाक्यांवरून दिसायची. 1661 साली राजापूरच्या वखारीतून पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना इथे डांबून ठेवले होते. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत ताई तेलिणीने हा किल्ला बापू गोखल्यांच्या फौजेविरुद्ध कित्येक महिने लढवला. 1818 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा करून हा किल्ला घेतला. त्या जुन्या वासोट्यावर आज वाटही धड राहिलेली नाही. तोफा जिथून चढल्या तिथून आता माणूस चढायला बिचकतो. तिकडे जाण्याचा हट्ट मुलांनी धरला होता, तो काकांनी मोडून काढला. "तितं आमीबी जात नाय," म्हणाले.

वासोट्याच्या पूर्वेला खाली कोयनेचे पाणी दिसते. धरण झाले आणि शिवसागर जलाशय भरला तेव्हा त्या खोऱ्यातली गावे उठली. माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली. किल्ल्याच्या पायथ्याचे मेट इंदवली हे गावही गेले. आज तिथे बोटी लागतात आणि वनखात्याची चौकी आहे. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून आपल्या बाजूला पोफळीला उतरले, 1962 साली वीज सुरू झाली आणि ती मुंबईला गेली. घाटावरच्या त्याच खोऱ्यातली माणसेही लालबाग-परळला गेली आणि आपल्या बाजूची तर आधीपासूनच जात होती. गिरणगावात जावळीचा आणि खेडचा माणूस एका चाळीत राहिला, एका खानावळीत जेवला. त्यांच्या गावांना जोडणारी ही वाट मात्र मधल्या काळात बंद पडत गेली. सासुरवाडी घाटावर आणि माहेर कोकणात अशा बायका पूर्वी याच वाटेने चालत येत, असे काका सांगत होते. आता त्या फोनवर बोलतात.

आम्ही संध्याकाळच्या आत किल्ला सोडून मेट इंदवलीला उतरलो. बोट आधी ठरवून ठेवली होती. किल्ल्यावर मुक्काम करू देत नाहीत. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. पायथ्याच्या चौकीवर वर नेलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजतात आणि परत आल्यावर पुन्हा मोजतात. हे काम तिथले कर्मचारी नेमाने करतात, हे पाहून बरे वाटले.

बामणोलीला बोटीतून उतरताना जे दिसले ते आपल्या बाजूच्या सरपंचांनी जाऊन पाहावे. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्याच गावांतल्या लोकांनी बोटी चालवायला घेतल्या. बोट, जेवण, वाटाड्या, तंबू असे सगळे धरून हिवाळ्यातल्या सुट्ट्यांत घराघरात पैसा येतो. त्याच किल्ल्याची दुसरी वाट आपल्याकडे आहे आणि आपल्या बाजूला त्यातला जवळजवळ काहीच येत नाही. यात्रेच्या दिवशी चहा-वड्याची दोन दुकाने लागतात तेवढेच. अर्थात, म्हणून इथे गर्दी लोटावी असे माझे म्हणणे नाही. ही वाट गर्दीची नाही. सोंडेवर समोरून दहा माणसे आली तर बाजूला व्हायला जागा नाही.

वाट कोणाची?

तालुक्यात इतरत्र डोंगराकडेच्या जमिनी विकल्या जात आहेत. घेणारा मुंबई-पुण्याचा. खरेदी झाली की पहिले काम तारेचे कुंपण. गावाला वाटते, वाट तर पूर्वापार आहे, ती कोण अडवणार. अडवतात. मग मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज करा, पंचनामा करा, तारखा घ्या, हे सारे करावे लागते. त्याआधी स्वस्तात होणारे काम आहे. गाव नकाशा काढा. त्यात पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. नकाशात आपली वाट कुठपर्यंत आहे ते पाहावे, ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 23 मध्ये, तिची नोंद करावी. ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेब एका दिवशी बसले तर हे होण्यासारखे आहे. जमीन विकायला निघालेल्या शेतकऱ्यालाही यात तोटा नाही. उलट घेणाऱ्याला आधीच कळते की या गटातून वाट जाते.

दुसरा धोका तोडीचा. खाजगी रान ठेकेदाराला दिले की दहा-पंधरा दिवसांत डोंगर उघडा होतो. वाटेच्या खुणा म्हणजे काही फलक नव्हेत. एखादा वाकलेला आंबा, दोन खोडांचा ऐन, कातळाशेजारचे जांभूळ. ती झाडे गेली की वाट असूनही सापडत नाही. तोडीचा करार करताना वाटेच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा पावले तरी वगळायला सांगा. ठेकेदार कुरकुर करील, पण ऐकतो.

तिसरी गोष्ट, वणवा. कोकणात वणवा डोंगरावर आपोआप लागत नाही. तो खालून जातो. तरव्यासाठी राब भाजताना, बांध जाळताना, गवत चांगले येते या समजुतीने मुद्दाम लावताना, किंवा फेकलेल्या विडीने. आग उतारावर वरच्या दिशेला फार जोराने धावते, हे ज्याने पाहिले आहे तो राब एकटा भाजत नाही. एकदा होरपळलेला काजू मेला नाही तरी पुढली काही वर्षे धड फळत नाही. राब भाजायचाच असेल तर सकाळी, वारा पडलेला असताना, भोवती दोन मीटर पट्टा खरवडून आणि पाण्याची पिंपे जवळ ठेवून भाजावा. खरे तर गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची राख घालून चांगली रोपे येतात, हे आपल्या तालुक्यातल्या कित्येक शेतकऱ्यांनी करून पाहिले आहे. मोकळी ठेवलेली डोंगरवाट ही आयती जाळपट्टी होते. दिवाळीनंतर वाटेच्या दोन्ही अंगाचे गवत कापून घेतले तर गुरांना चारा होतो आणि पट्टाही तयार होतो.

आता दुरुस्तीबद्दल. कृपा करून या वाटेला जेसीबी लावू नका. 22 जुलै 2021 च्या त्या पावसात आपल्याच तालुक्यात पोसरे बौद्धवाडीवर डोंगर आला आणि 17 माणसे गेली. त्याच दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता. असा पाऊस पुन्हा पडणार नाही असे कोणी सांगू शकत नाही. अशा उतारावर पाया खणून वाट रुंद केली की वरची माती आधाराविना राहते. डोंगरवाटेचा शत्रू पाणी आहे. वाटेवर पाणी वीस-पंचवीस पावलांपेक्षा जास्त पळू द्यायचे नाही. तेवढ्या अंतरावर एक लांबट दगड वाटेला तिरका बसवावा, म्हणजे पाणी दरीच्या बाजूला उतरते. वाट त्या बाजूला किंचित कललेली असावी. सरळ वर चढणारा तुकडा उखडला असेल तर तो तसाच भरण्याऐवजी शेजारून तिरपी वाट काढावी आणि जुन्या ओघळात दगड-काट्या टाकून तो बुजू द्यावा. काठाला वाळा लावला तर उत्तम. खालच्या टप्प्यात तो चांगला धरतो. सिमेंट शक्यतो नको. जुन्या लोकांनी लावलेले दगड जागोजाग अजून हललेले नाहीत आणि अलीकडचे सिमेंट खालून पोकळ झालेले आम्ही पाहिले.

वरच्या भागात, म्हणजे अभयारण्याच्या हद्दीत, दगडही परवानगीशिवाय हलवता येत नाही. त्यासाठी आधी लेखी पत्र द्यावे लागते आणि ते दोन्ही जिल्ह्यांच्या वनखात्यांना द्यावे लागते. एकालाच दिले तर उत्तर येते की हा विषय आमच्या हद्दीत नाही.

माणसांचा प्रश्न राहतो. ही वाट अंधारातही चालू शकतील अशी माणसे आता गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि सगळी साठीच्या पुढची. कोणी कड्यावर अडकला, पाय मोडला, तर पोलीस आणि गिर्यारोहक मंडळी येतील; मुंबईत गिरिविहारसारखी 1954 सालापासूनची संस्था आहे, इतरही पुष्कळ आहेत. पण ती पोचेपर्यंत रात्र होते आणि पहिली रात्र गावाच्याच माणसाला काढावी लागते. गावातल्या विशीतल्या पोरांना काकांबरोबर वर्षातून चार वेळा वर पाठवावे. वर जाणाऱ्या परगावच्या माणसांची नावे, फोन आणि परतायची वेळ ग्रामपंचायतीत एका वहीत लिहून घ्यावी. वाटाड्या घेतल्याशिवाय कोणाला सोडू नये आणि वाटाड्याची मजुरी ग्रामसभेने ठरवून फळ्यावर लावावी. काकांनी आमच्याकडून पैसे घ्यायला नकार दिला. पोरांनी "आबा, घ्या की" म्हणून फार आग्रह केला तेव्हा त्यांनी ते देवळाच्या पेटीत टाकायला सांगितले. ते त्यांना शोभते, पण त्यांच्या मागून येणाऱ्या पोराला या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत, नाही तर तोही खेड स्टेशनवरून गाडी धरील.

बोटीत बसल्यावर दादरवाल्या मुलाने वही काढली. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला, कातळाला आणि झऱ्याला गावाने नाव दिलेले आहे. ती नावे काका सांगत गेले आणि तो लिहीत गेला. एकूण एकवीस निघाली. त्यांतली चार-पाच गावातल्या आजच्या पोरांनी ऐकलेलीसुद्धा नव्हती. त्या यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायचे ठरले आहे. महाशिवरात्रीच्या आधीच्या पंधरवड्यात गवत कापायला माणशी दोन दिवस लागतील असा काकांचा अंदाज आहे. पंधरा माणसे मिळाली तर गुहेखालच्या पायऱ्यांपर्यंतची वाट मोकळी होते. मुंबई मंडळाने सहा जण कबूल केले आहेत. उरलेले नऊ गावाने द्यायचे आहेत.